गेलेल्या डीलची नोंद कशी ठेवावी

प्रिय सहकारी,

तुझी विक्रीच्या नोंदींची शीट पाहिली. गेलेल्या, म्हणजे ऑर्डर न मिळालेल्या, डीलपुढे जवळजवळ सगळीकडे ‘किंमत जास्त’ एवढंच लिहिलंय. हे कारण सांगायला ग्राहकाला सोपं जातं आणि ऐकायला आपल्यालाही, म्हणून ते इतकं दिसतं. ज्याला आपल्या मालाचा उपयोग पटला नाही, ज्याचं बजेटच मंजूर नव्हतं, ज्याने आधीच दुसऱ्याला पसंत करून आपलं कोटेशन नुसतं तुलनेसाठी मागवलं, ते सगळे हेच म्हणतात. म्हणून पुढच्या वेळी एक प्रश्न जरूर विचार: ‘दोघांचा भाव सारखा असता, तर ऑर्डर कुणाला दिली असती?’ उत्तर ‘त्यांनाच’ असं आलं, तर किंमत हे खरं कारण नव्हतं.

कारणाचा एक रकाना काढून तीन कर. पहिल्यात ग्राहकाचे शब्द, जसेच्या तसे. दुसऱ्यात तुझा अंदाज. तिसऱ्यात त्या अंदाजाला आधार काय: कुठला ईमेल, कुठल्या तारखेची बैठक. तिसरा रकाना रिकामा असेल, तर दुसऱ्यावरून कुठलाही निर्णय घेऊ नकोस. निकाल लागल्यावर दोन दिवसांत हे भरून टाक. महिनाअखेरीला एकदम भरायला बसलं की आठवण दगा देते आणि सगळ्या डीलना एकच कारण चिकटतं.

त्याहून महत्त्वाच्या नोंदी डील चालू असतानाच्या. डेमो कधी झाला, कोटेशन कधी गेलं, अंतिम सही करणाऱ्या माणसाला आपण भेटलो का, पुढची भेट ठरली आहे का. ऑर्डर अपेक्षित असलेली तारीख पुढे गेली की जुनी खोडू नकोस, शेजारी नवी लिही. तीनदा सरकलेली तारीख बरंच सांगून जाते, पण जुन्या तारखा पुसल्या तर ते कुणालाच दिसणार नाही. बहुतेक डील नकार येण्याच्या कितीतरी आधी गेलेली असते. नेमकी कुठे गेली ते या तारखांवरूनच कळतं.

‘गेली’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात. काही ग्राहक स्पर्धकाकडे जातात, काही कुणाकडूनच घेत नाहीत. समज, 20 डीलचा निकाल लागला. 8 मिळाल्या, 7 स्पर्धकाने नेल्या, 5 ग्राहकांनी खरेदीच केली नाही. एकूण यश 40 टक्के, पण स्पर्धकासमोर 15 पैकी 8, म्हणजे 53 टक्के. तेव्हा डिस्काउंट वाढवण्याआधी त्या 5 ग्राहकांना गरज खरोखर होती का, हे सुरुवातीलाच तपासायला शिकावं लागेल. चालू डील या हिशेबात धरायच्या नाहीत. हीच टक्केवारी रकमेवरही काढ. छोट्या ऑर्डर मिळत असतील आणि मोठ्या जात असतील, तर ते संख्येत दिसत नाही. आणि 10 डीलवरून निष्कर्ष काढू नकोस. तिथे एका डीलने आकडा 10 टक्क्यांनी हलतो.

निकाल लागायला नेहमी लागणाऱ्या मुदतीच्या दुप्पट काळ पडून असलेल्या डील वेगळ्या काढ. ग्राहकाला थेट विचार आणि हालचाल नसेल तर बंद कर.

ग्राहकाशी शेवटचं बोलणं निकालानंतर दोन-तीन आठवड्यांनी, वीस मिनिटांचं, आणि शक्यतो ती डील ज्याने हाताळली नाही अशा माणसाने करावं. तुझ्या तोंडावर ‘तुमचं उत्तर यायला फार वेळ लागायचा’ असं कुणी म्हणणार नाही. शोध कशामुळे सुरू झाला, निर्णयात कोण कोण होतं, मत कधी फिरलं, एवढं विचारायचं. ऑर्डर परत मिळवायचा प्रयत्न मात्र इथे अजिबात नको. तो सुरू झाला की ग्राहक खरं बोलायचं थांबवतो.

मिळालेल्या डीलबाबतही हेच कर. तिथे एक प्रश्न जास्तीचा: ‘आमच्याकडून घ्यावं की नाही, अशी शंका कुठल्या टप्प्यावर आली होती?’ पुढच्या ग्राहकालाही तीच शंका येण्याचा संभव असतो, आणि तो ती बोलून दाखवेलच असं नाही.

या महिन्यात निकाल लागलेल्या सगळ्या डील नव्या रकान्यांत भर आणि शीट पाठव. आधी आपण तिसरा रकाना वाचू.

तुझा हितचिंतक