कॅटेक्युमेनला मराठीत काय म्हणायचं?

विचारणा थोडक्यात अशी आहे: "माझी मैत्रीण नाशिकरोडला राहते, वय तेहेतीस. गेलं वर्षभर दर रविवारी मिस्सा (कॅथलिक उपासना) झाली की चर्चमध्ये क्लासला बसते आणि येत्या ईस्टरला कॅथलिक होणार आहे. तिच्यासाठी मला चार ओळी लिहायच्यात. 'धर्मांतर करतेय' असं लिहिलं तर ती खट्टू झाली. मग काय लिहू? आणि फादर तिला कॅटेक्युमेन म्हणतात, त्याला मराठी शब्द आहे का?"

आधी कॅटेक्युमेन घेतो, कारण तो शब्द कळला की बाकीचं सोपं होतं. मूळ ग्रीक. त्या क्रियापदाचा जुना अर्थ आवाज वरून खाली पोचवणं, घुमवणं, इंग्रजीतला एको त्याच मुळातला, आणि पुढे त्याचा अर्थ झाला तोंडी शिकवणं. म्हणजे कॅटेक्युमेन म्हणजे ज्याच्या कानावर शिकवण घातली जातेय असा माणूस. संत पौलाच्या गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात हा शब्द शिकणाऱ्या माणसासाठी आलाय, इतका तो जुना आहे. आपल्याकडचा कानमंत्र लगेच आठवतो ना? पण कानमंत्र एका क्षणात दिला जातो आणि हे कानावर घालणं महिनोन् महिने चालतं, कधी वर्षाच्या वर, फरक आहे तो इथेच.

आणि ही नुसती क्लासची हजेरी नाही हे नीट समजून घ्या. सुरुवातीला चौकशीचा काळ असतो, प्रश्न विचारायचे, येऊन बसायचं. मग एक विधी करून चर्च त्या माणसाला स्वीकारतं आणि तिथून तो कॅटेक्युमेन. पुढे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला की पहिल्या रविवारी निवडीचा विधी, तो बहुधा महागुरुस्वामींसमोर, म्हणजे बिशपसमोर होतो, मग तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी आत्मपरीक्षणाचे विधी, आणि ईस्टरच्या आदल्या रात्री एकाच मिस्सेत बाप्तिस्मा, दृढीकरण म्हणजे विश्वास पक्का करणारा संस्कार, आणि पहिलं कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर घेणं. लहानपणी ख्रिस्ती झालेल्याला हेच तीन संस्कार मिळायला वर्षं जातात, मोठ्या माणसाला एका रात्रीत मिळतात. प्राचीन चर्चमध्ये हीच रीत होती, पुढे ती मागे पडली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ती परत सुरू करायला सांगितलं आणि १९७२ मध्ये तिचं विधिपुस्तक आलं. चर्चच्या कायद्यात तर असंही आहे की कॅटेक्युमेन बाप्तिस्म्याआधी वारला तर अंत्यविधीच्या बाबतीत त्याला चर्चचाच माणूस धरायचं. म्हणजे ही मधली अवस्था, पण खरी अवस्था आहे, तिला स्वतःचं नाव हवंच. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट मात्र मिस्सा या शब्दाची आहे. तो लॅटिन, त्याचा अर्थ निरोप देणं, पाठवणी. जुन्या काळी प्रवचन झालं की कॅटेक्युमेन लोकांना आशीर्वाद देऊन निरोप देत, पुढचा भाग फक्त बाप्तिस्मा झालेल्यांचा. तुमच्या मैत्रिणीला सांगा हे, तिला आवडेल.

आता मराठी शब्द. दीक्षार्थी हा पहिला सुचतो आणि शब्द म्हणून सुंदर आहे, पण नाशिकमध्ये दीक्षार्थी म्हटलं की जैन साधू किंवा साध्वी व्हायला निघालेलं माणूस डोळ्यांसमोर येतं, घरदार सोडणारं. तुमची मैत्रीण नोकरी, घर, सगळं ठेवून कॅथलिक होतेय. श्रावक हा अर्थाने अगदी चपखल, ऐकणारा तो श्रावक, पण तो शब्द जैन घरांचा आहे आणि बौद्ध परंपरेतही वापरात आहे, तो उचलून आणणं मला बरं वाटत नाही. महानुभावांकडे उपदेश घेतलेल्याला उपदेशी म्हणतात, तो कानाच्या अर्थाने जवळ जातो, पण उपदेशी म्हणजे ज्याने उपदेश घेतलाय तो, आणि आपल्याला हवाय अजून वाटेवर असलेला.

म्हणून माझं मत बाप्तिस्मार्थी. विद्यार्थी, परीक्षार्थी यांच्या रांगेत बसतो, ऐकताक्षणी कळतो, आणि पंथाचा गोंधळ होत नाही. कोणी म्हणेल की कॅथलिक मराठीत स्नानसंस्कार म्हणतात, वसईकडे तर सर्रास, मग स्नानसंस्कारार्थी का नको? स्नानसंस्कार शब्द मला स्वतःला फार आवडतो, ग्रीक मूळ पाण्यात बुडवण्याचंच आहे आणि पुढे संस्कार लागल्यामुळे हे आयुष्यात एकदाच होतं हे लगेच कळतं, नाहीतर गोदाकाठच्या माणसाला नुसतं स्नान म्हटलं की रामकुंड आणि दर बारा वर्षांचा सिंहस्थ आठवणार. पण त्याला अर्थी जोडला की जीभ अडखळते. बाप्तिस्मा हा शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचा आहेच, नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये आणि लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून तर घराघरात पोचला. ते प्रोटेस्टंट, पण शब्द दोन्हीकडचा.

आणि इथेच एक महत्त्वाचं. तुमची मैत्रीण आधीपासून प्रोटेस्टंट घरातली असेल, तिचा बाप्तिस्मा पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला असेल, तर तो कॅथलिक चर्च मानतं आणि पुन्हा देत नाही. ती विश्वास जाहीर करते, दृढीकरण होतं, कम्युनियन मिळतं. अशा माणसाला बाप्तिस्मार्थी म्हणायचं नाही आणि कॅटेक्युमेनही म्हणायचं नाही, क्लासला शेजारी शेजारी बसले तरी. नाशिकमध्ये हे फार होतं कारण शरणपूरला मिशन १८५४ पासूनचं, प्रोटेस्टंट घरं जुनी, आणि लग्नं दोन्हीकडे जुळतात. माझ्या ओळखीच्या एका बाईंना नातेवाईक "परत बाप्तिस्मा घेतलास का गं" विचारायचे आणि त्यांना रडू यायचं, कारण त्यात आधीचा बाप्तिस्मा खोटा होता असं येतं. तिथे साधं म्हणावं, कॅथलिक चर्चमध्ये आली.

धर्मांतर शब्द वाईट नाही, उलट आपल्या जिल्ह्यात तो फार मोठा आहे. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी जी घोषणा केली तिला आपण धर्मांतराची घोषणा म्हणतो, त्या शब्दामागे अख्ख्या समाजाचा निर्णय उभा आहे. म्हणून एका मुलीच्या वर्षभराच्या शांत तयारीला तो लावला की तिला कुणीतरी जाहीर सभेत उभं केल्यासारखं वाटतं, ती खट्टू झाली यात नवल नाही. बाटणे मात्र अजिबात नको. त्यात विटाळ आहे आणि बाटवणारा कुणी दुसरा आहे. कॅथलिक कायद्यात मोठ्या माणसाने स्वतःची इच्छा सांगितल्याशिवाय बाप्तिस्मा देता येत नाही, तेव्हा क्रियापद घेणे हेच बरोबर, जसं आपण संन्यास घेतो, उपदेश घेतो. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो किंवा करतात, मोठं माणूस बाप्तिस्मा घेतं. एवढा फरक मराठी आपोआप करते आणि तो सांभाळायला हवा.

ईस्टरनंतर तिला नवदीक्षित म्हणालात तर चालेल. तिकडचा जुना ग्रीक शब्द निओफाइट, अर्थ नव्याने लावलेलं रोप, म्हणजे द्राक्षबागेवाल्याच्या भाषेत नवी लागण. तिच्यासोबत उभं राहणाऱ्यांना धर्मपिता किंवा धर्ममाता म्हणा, स्पॉन्सर चालतं, पण प्रायोजक लिहू नका.

तर तिचा बाप्तिस्मा आधी झालेला नसेल तर ओळ अशी लिहा: "आमची मैत्रीण वर्षभर बाप्तिस्मार्थी होती, ईस्टरच्या आदल्या रात्री ती बाप्तिस्मा घेतेय." झालेला असेल तर: "ईस्टरच्या आदल्या रात्री ती कॅथलिक चर्चमध्ये येतेय." पाठवण्याआधी तिला एकदा वाचून दाखवा.