न मम यजमानानेच म्हणायचं

बाळा,

रात्रीचा तुझा लांबलचक मेसेज वाचला. फ्लॅटमधली वास्तुशांत, यजमान मोबाइलवर, वहिनी किचनमध्ये, स्वाहा पण तूच म्हणतोयस आणि न मम, म्हणजे "हे आता माझं नाही", ते पण तूच, वरून जावयाने विचारलं एवढं तूप जाळून काय मिळतं तर तू सांगितलंस ऑक्सिजन तयार होतो. आणि आता मला विचारतोस की गुरुजी, हे सगळं कशासाठी करायचं.

आधी ते ऑक्सिजनचं बंद कर. जाळ पेटायला ऑक्सिजन लागतो हे शाळेतल्या पोरालाही माहितीय. असली उत्तरं देऊन आपणच होम हलका करतो. कात्यायन श्रौतसूत्रात, म्हणजे यज्ञविधीच्या जुन्या ग्रंथात, यज्ञाची व्याख्या तीन शब्दांत आहे, द्रव्य, देवता, त्याग. तू मंत्र म्हणू शकतोस, आहुती टाकू शकतोस, पण त्याग तुझा नाहीच, कारण तूप तुझं नाही. म्हणून न मम यजमानाने म्हणायचं, स्वतः, तोंडाने. फळाचं म्हणशील तर अथर्वशीर्षात "यो मोदकसहस्रेण यजति" असं स्वच्छ आहे, जो यजन करतो त्याला फळ. मग त्या माणसाने फोन खाली ठेवायला नको?

तू म्हणशील सुरुवातीला त्यागाचा संकल्प एकदाच सोडतो की आपण, "मया परित्यक्तं न मम" म्हणून. हो, सोडतो. नवचंडीला, देवीच्या त्या मोठ्या होमाला, सप्तशतीचे सातशे मंत्र, चार-पाच जण हवनाला बसलेले, तिथे दर आहुतीला यजमान कुठे पुरणार, म्हणून ती सोय आहे. पण तो संकल्प तरी त्याच्या तोंडून येतो का? तुम्ही पोरं तोही स्वतःच पुटपुटून मोकळे होता आणि त्याच्या हातावर नुसतं पाणी घालता.

आणि द्रव्य. दुकानात "पूजेचं तूप" म्हणून पॅकेट मिळतं, पोळीवर कोणी घालणार नाही असलं. जे स्वतःच्या ताटात नको ते अग्नीला द्यायचं आणि वर न मम म्हणायचं, कसला त्याग हा? पाव किलो आणा पण घरात खाता तेच आणा, मी सरळ सांगतो. या हट्टापायी माझी यजमानांची घरं सुटली, लोक म्हणाले हे गुरुजी फार कटकट करतात. एका लग्नात लाजाहोमाला भावाने बहिणीच्या ओंजळीत लाह्या घातल्या, आहुती झाली, फोटोग्राफर म्हणाला परत एकदा टाका, अँगल नाही मिळाला. मी नाही म्हटलं. दिलेलं परत देता येत नाही. मुलीचे वडील चिडले, दक्षिणा पण कमी दिली, पण आजही मी तिथे नाहीच म्हणेन. मी चुकलो असं मला अजिबात वाटत नाही.

तुला भीती वाटते ना मंत्र चुकेल, नवग्रहांच्या समिधांचा क्रम चुकेल. रुई, पळस, खैर, आघाडा, पिंपळ, औदुंबर, शमी, दूर्वा, दर्भ, हे पाठ असायलाच हवं, त्यात सूट नाही. पण कमीजास्त होणार हे शास्त्राने धरलेलंच आहे, म्हणून तर शेवटी स्विष्टकृत आहुती, "यदस्य कर्मणोऽत्यरीरिचं", कर्मात जे कमीजास्त झालं ते सांभाळून घे म्हणून. न मम कोणी म्हटलंच नाही तर ते त्यात भरून निघतं असं मात्र मला नाही वाटत.

आणि धूर झाला की घाबरून कापूर ओतत बसू नकोस. मुंडकोपनिषदात आहे बघ, ज्वाळा नीट हलायला लागल्यावर आहुती द्यावी. त्याच खंडात पुढे यज्ञांना अदृढ नौका, म्हणजे कच्च्या होड्या, पण म्हटलंय, तेही वाच. मला ते वडिलांशी बोलायचं होतं, ते रोज वैश्वदेव करायचे, शिजलेल्या भाताच्या आहुत्या, तांब्याचं छोटं कुंड. विचारायचं राहून गेलं आणि ते गेले. आता तू तरी विचारत राहा, मला राग आला तरी विचार.

रविवारी परत वास्तुशांत आहे म्हणालास. शनिवारी त्या लोकांना फोन कर, सांग की होमाचा तासभर दोघांनी उठायचं नाही, जेवणाचं दुसऱ्या कोणावर सोपवा. बायकोने उजवीकडे बसून नवऱ्याच्या हाताला हात लावायचा. न मम दोघांकडून आधीच दहा वेळा म्हणवून घे, लाजू देत. कुंडाखाली विटा आणि वाळू घाल नाहीतर टाइल तडकते, सोसायटीला सांगून स्मोक डिटेक्टरचं बघ. ओल्या समिधा घेऊ नकोस, माझ्याकडे पळसाच्या वाळलेल्या आहेत, सकाळी साडेसहाच्या आत येऊन घेऊन जा.