दिल्ली-आग्रा-जयपूर: आधी वार बघा, मग तिकीट काढा

उत्तरेच्या सहलीबद्दल या वेळी मराठवाड्यातून बरेच प्रश्न आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: आम्ही घरचे आठ जण आहोत. त्यात आई-वडील सत्तरीचे आणि दोन शाळकरी मुले. दहा दिवसांत दिल्ली, आग्रा, जयपूर आणि जमल्यास काशी करायची आहे. गाडी कोणती आणि क्रम कसा ठेवावा? (परभणी)

काशी या यादीतून काढून टाका. आग्र्याहून काशी सुमारे सहाशे किलोमीटर आहे. ती मध्ये घातली की दोन दिवस प्रवासात जातात आणि कोणतेच शहर धड पाहून होत नाही. काशीसाठी वेगळी सहल करा.

गाडी सचखंड एक्स्प्रेस. ती रोज असते. नांदेडहून सकाळी निघते आणि परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर करत दुसऱ्या दिवशी आग्रा कँटला पोचते, तिथून पुढे नवी दिल्ली. बहुतेक जण थेट दिल्लीपर्यंतचे तिकीट काढतात आणि आग्र्याला परत मागे येतात. ही उलटी फेरी कशाला? आग्र्यालाच उतरा आणि परतीची गाडी दिल्लीहून धरा. वर्तुळ पूर्ण होते, तिकडे फिरताना एकही रस्ता दोनदा करावा लागत नाही.

आता वार. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. दिल्लीचा लाल किल्ला, अक्षरधाम आणि लोटस टेंपल सोमवारी बंद असतात. हे न बघता तिकीट काढले की दारातून परत फिरावे लागते, म्हणून वार आधी पक्का करा आणि तारीख त्यावर बसवा. तुमच्यासाठी शनिवारी निघणे सोयीचे.

रविवारी आग्र्याला उतरलात की दुपारपर्यंत विश्रांती. मग आग्रा किल्ला, आणि सूर्यास्ताला यमुनेपलीकडची मेहताब बाग. सोमवारी पहाटे ताज, दुपारनंतर इतमाद-उद-दौलाची कबर. मंगळवारी भाड्याच्या गाडीने फतेहपूर सिक्री करून तसेच पुढे जयपूर. सिक्री आग्र्यापासून 37 किलोमीटरवर जयपूरच्याच वाटेवर आहे, म्हणून आग्र्यातून वेगळी फेरी करू नका. बुधवार-गुरुवार जयपूर. शुक्रवारी सकाळी निघून दुपारी दिल्ली, संध्याकाळी हुमायूनची कबर. शनिवारी लाल किल्ला आणि कुतुबमिनार. रविवारी दुपारी दिल्लीहून सचखंड, सोमवारी घर. गाडीची नेमकी वेळ तिकीट काढताना रेल्वेच्या वेळापत्रकात बघून घ्या.

ताज पहिल्या दिवशी न ठेवता दुसऱ्या दिवशी ठेवला आहे, तो मुद्दाम. गाडी चार-पाच तास उशिरा पोचली तरी रविवारची दुपार जाते, ताज जात नाही.

आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी सकाळी आठला उघडते. परतीचा दिवस वेगळा, म्हणून ते तिकीट आठ दिवसांनी काढावे लागते; पंचांगावर दोन्ही तारखांना खूण करून ठेवा. एका तिकिटावर सहाच नावे बसतात, त्यामुळे तुमची दोन तिकिटे होणारच. त्यातले एक फक्त आई-वडिलांचे काढा आणि कोट्यात ‘ज्येष्ठ नागरिक / लोअर बर्थ’ निवडा. या कोट्यात 60 वर्षांवरचे पुरुष आणि 45 वर्षांवरच्या महिला बसतात, पण तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असले तरच. सगळ्यांबरोबर एकाच तिकिटावर नावे घातली की हा कोटा मिळत नाही, मग आजीला वरचा बर्थ येतो आणि आपण डब्यात अदलाबदलीसाठी हात जोडत फिरतो. ज्येष्ठांची भाडेसवलत मात्र मार्च 2020 पासून बंद आहे, ती हिशोबात धरू नका.

प्रश्न: मुलांना नाताळची सुट्टी असते. डिसेंबरच्या शेवटी जावे का? (लातूर)

शक्यतो नको. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या शेवटापर्यंत गंगा-यमुनेच्या सपाटीवर धुके उतरते. रात्री जमीन झपाट्याने थंड होते, नद्या आणि ओलिताच्या शेतांमुळे हवेत दमटपणा असतो, वारा पडलेला असतो, आणि धुके जागचे हलत नाही. आपल्याकडचे धुके ऊन पडले की विरते. तिकडे दहा-अकरा वाजेपर्यंत समोरचा ताज दिसत नाही. गाड्या कित्येक तास उशिरा धावतात, आणि रात्रीचा रस्ता तर टाळलाच पाहिजे. पहाटेचे तापमान 5-7 अंशांवर येते. साध्या हॉटेलांत हीटर नसतो, एक रजई असते. खोली घेताना जास्तीच्या रजया आणि गिझर आहे का, हे आधी विचारा.

दिवाळीच्या सुट्टीत दिल्लीच्या हवेत धुरके असते, दमेकऱ्यांना ते बाधते. त्या दिवसांत जुन्या डिझेल गाड्यांवर तिथे निर्बंधही लागतात, म्हणून घरची गाडी घेऊन जायचा विचार असेल तर सोडा. मे महिन्याबद्दल काहीजण म्हणतात, ‘आपल्याला उन्हाची सवय आहे.’ सवय सावलीत बसायची असते. तिथे तापलेल्या दगडी फरशीवर अनवाणी चालावे लागते.

उत्तम काळ म्हणजे फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा मध्य. शाळेमुळे ते जमत नसेल तर दसऱ्यानंतरचे आणि दिवाळीआधीचे दिवस. नाताळशिवाय पर्यायच नसेल तर ताजची वेळ सकाळची न धरता दुपारी दोननंतरची धरा आणि परतीनंतर लगेच कामावर हजर व्हायचे ठरवू नका.

प्रश्न: आमच्याकडे बिबी का मकबरा आहेच. ताज बघून वेगळे काय दिसणार? (छत्रपती संभाजीनगर)

खूप दिसणार, आणि मकबरा नीट पाहिलेल्या माणसाला इतरांपेक्षा जास्त. म्हणून निघायच्या आधी एकदा मकबऱ्यात जाऊन या. भिंतीजवळ उभे राहा. संगमरवर खाली कमरेच्या आसपासच्या पट्ट्यापर्यंत आणि वर घुमटाला आहे. मधला भाग बेसाल्टचा, त्यावर चुन्याचा गिलावा आणि त्या गिलाव्यात काढलेली नक्षी. ताजमध्ये नक्षी गिलाव्यात नाही, दगडात आहे. संगमरवरात खाचा कोरून त्यात रंगीत दगडांचे पातळ तुकडे बसवले आहेत. या कामाला पच्चीकारी म्हणतात. एका फुलाच्या पाकळीत फिकट ते गडद अशा छटांचे वेगवेगळे तुकडे असतात आणि त्यांचे सांधे डोळ्यांना दिसत नाहीत. लाल अकीकाच्या खड्यावर उजेड पडला की तो आतून पेटल्यासारखा दिसतो.

दरवाजाभोवतीची अक्षरे खालून वरपर्यंत सारख्याच आकाराची वाटतात. वस्तुतः वर जाताना ती मोठी करत नेली आहेत, म्हणून जमिनीवरून बघणाऱ्याला समान दिसतात. चारही मिनार किंचित बाहेर झुकलेले आहेत. पडलेच तर मुख्य कबरीवर पडू नयेत हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. आणि मकबऱ्यात आपण सज्जातून खाली वाकून कबर बघतो. ताजमध्ये जाळीच्या आत डोळ्यांसमोर दिसतात त्या नुसत्या दर्शनी कबरी आहेत, खऱ्या कबरी खालच्या बंद तळघरात. मुमताजची कबर अगदी मधोमध आहे आणि शहाजहानची तिच्या शेजारी नंतर आली, त्यामुळे संपूर्ण इमारतीतली सममिती फक्त तिथे मोडते. मुलांना ती शोधायला सांगा.

हेच कुतुबमिनारचे. दौलताबादचा चांदमिनार डोळ्यांपुढे ठेवून 72.5 मीटरच्या कुतुबापाशी उभे राहिले की दोन्ही नीट कळतात. आत चढायला 1981 पासून बंदी आहे. दिल्लीत अर्धा दिवस उरला तर तुघलकाबाद बघा. 1327 मध्ये राजधानी देवगिरीला हलवणाऱ्या महंमद तुघलकाच्या बापाने बांधलेला तो किल्ला आहे.

तिकिटाचे सांगायचे तर भारतीयांना ताजचे प्रवेशशुल्क 50 रुपये आहे, आणि मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर जायचे 200 रुपये वेगळे. 15 वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. अनेकजण फक्त 50 चे तिकीट काढतात आणि चौथऱ्याखालून वर बघून परततात. एवढ्या लांब येऊन ते दोनशे वाचवू नका. वर सांगितलेली पच्चीकारी जवळून बघायची ती तिथेच. तिकीट तीन तासांचे असते. पुरातत्त्व खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर आदल्या दिवशी काढून ठेवा आणि आधार कार्ड जवळ ठेवा. पिशवीत खाऊ, तंबाखू, सुपारी, काडेपेटी, ट्रायपॉड असे काही ठेवू नका. तपासणीत निघाले की लॉकरपर्यंत मागे जावे लागते आणि सूर्योदय तिथेच संपतो. पाण्याची बाटली चालते.

प्रश्न: शिवाजी महाराज आग्र्यात जिथे नजरकैदेत होते ती जागा किल्ल्यात बघता येते का? (जालना)

महाराज किल्ल्यात कैद नव्हते. त्यामुळे किल्ल्यात कोणी ‘महाराजांची कोठडी’ दाखवायला लागला तर त्याच्यामागे जाऊ नका. राजगडाहून निघून, छत्रपती संभाजीनगर म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेवरून, महाराज मे 1666 मध्ये आग्र्याला पोचले. 12 मे रोजी किल्ल्यातल्या दरबारात त्यांचा अपमान झाला आणि तिथेच त्यांनी सर्वांसमक्ष आपला संताप दाखवला. त्यानंतर त्यांचा मुक्काम शहराकडे, मिर्झाराजांचा मुलगा रामसिंग याच्या वस्तीजवळ होता. पहारे बसले ते त्या मुक्कामाभोवती, आणि 17 ऑगस्टला महाराज निसटले तेही तिथूनच. ती जागा नेमकी कोणती यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कोठी मीना बाजारचा परिसर सांगितला जातो.

किल्ल्यात बघायचे ते दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खास. गर्दी पुढे जाऊ द्या आणि दिवाण-ए-खासच्या चौथऱ्यावर दहा मिनिटे शांत उभे राहा. शेजारच्याच मुसम्मन बुरुजात शहाजहान त्याच वर्षी जानेवारीत वारला होता. मराठी माणसाने आग्र्यात ताजपेक्षा या किल्ल्याला कमी वेळ द्यावा हे मनाला पटत नाही. निदान अडीच तास ठेवा. किल्ल्याचा मोठा भाग लष्कराकडे आहे आणि तो बंद असतो. अमरसिंग दरवाजाबाहेर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तिथूनच आत जायचे.

प्रश्न: दिल्लीहून पानिपत एका दिवसात होते का? (उदगीर)

होते, आणि उदगीरकरांनी तर जावेच. फेब्रुवारी 1760 मध्ये उदगीरला निजामाचा पराभव केल्यावर भाऊसाहेब परतूरच्या मुक्कामाहून मार्चमध्ये उत्तरेकडे निघाले. सचखंडही परतूर स्टेशनावरूनच जाते.

पानिपत दिल्लीपासून सुमारे 90 किलोमीटर आहे. सकाळी सातला निघालात तर दुपारी चारपर्यंत परत येता. 14 जानेवारी 1761 च्या युद्धाचे स्मारक काळा आंब शहरापासून 8 किलोमीटरवर आहे. तिथे बाग आणि स्मारकस्तंभ आहे, भव्य काही नाही, आणि लढाईची हकीकत वाचून न गेलेल्याला पाच मिनिटांत कंटाळा येतो. मुलांना आदल्या रात्री सगळे सांगून ठेवा. यासाठी सहलीत एक दिवस वाढवावा लागेल; रविवारी पानिपत करून परतीचे तिकीट सोमवारचे काढा.

प्रश्न: आईचे गुडघे दुखतात. कुठे चढ-उतार जास्त आहे? (अंबाजोगाई)

सर्वांत त्रासाचा जयपूरचा आमेर किल्ला. तिथे हत्तीच्या रांगेत न थांबता जीप करा, ती वर किल्ल्याजवळ सोडते. सिक्रीत बुलंद दरवाजाच्या पायऱ्या उंच आहेत. बादशाही दरवाजाने आत गेले की त्या चढाव्या लागत नाहीत आणि बुलंद दरवाजा आतून बघता येतो. ताजला पूर्व दरवाजा घ्या, शिल्पग्रामच्या वाहनतळापासून बॅटरीच्या गाड्या मिळतात. चौथऱ्याचा जिना मात्र चढावाच लागतो. कुतुब आणि जयपूरचे जंतरमंतर सपाट आहेत.

प्रश्न: फसवणूक कुठे होते? आणि जेवणाचे काय? (सेलू)

आग्र्यात दलालांना लपके म्हणतात. सिक्रीच्या अलीकडे रस्त्यात गाडी थांबवून ‘पुढे गाइड सक्तीचा आहे’ असे सांगतात. सक्ती कसलीच नाही. गाडी वाहनतळावर लावून तिथल्या सीएनजी बसने वर जा आणि गाइड हवाच असेल तर सरकारी ओळखपत्र असलेला घ्या, पैसे आधी ठरवून.

भाड्याची गाडी ठरवताना टोल, पार्किंग, राज्याचा कर आणि ड्रायव्हरचा भत्ता या चार गोष्टी दरात आहेत की वरून, हे मोबाइलवर लिहून घ्या. भांडण नेहमी याच चारांवरून होते. आठ जण आणि बॅगा इनोव्हात बसत नाहीत. बारा आसनी टेंपो ट्रॅव्हलर घ्या. ड्रायव्हर ‘फक्त बघायला’ म्हणून ज्या संगमरवराच्या दुकानात नेतो तिथे त्याचे कमिशन असते. संगमरवर म्हणून मऊ शंखजिऱ्याचा दगडही विकतात. वस्तूच्या तळाला नखाने ओरखडा काढून बघा: शंखजिरे नखाने खरवडते, संगमरवरावर नखाचा ओरखडा उठत नाही. दुकानदार ओरखडा काढू देत नसेल तर वस्तू खाली ठेवून निघा.

पेठा कोहळ्याचा असतो. घरी आणायला कोरडाच घ्या. रसातला अंगुरी पेठा प्रवासात सांडतो आणि लवकर आंबतो.

जेवणासाठी पहिल्या दोन दिवसांचे घरून न्या. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाजलेले पोहे. धपाटे न्यायचे तर कांदा न घालता आणि पूर्ण गार झाल्यावरच बांधा. गरम बांधले की वाफेने रात्रीतून चिकट होतात. सचखंडमध्ये वाटेतल्या काही स्टेशनांवर लंगर मिळतो. त्यासाठी प्रत्येकाचे स्वतःचे ताट-वाटी हवे आणि खिडकीशी तयार बसायला हवे. गाडी थांबल्यावर बॅगेत भांडी शोधायला लागलात तर तोवर गाडी सुटते.