पेशीमृत्यूची प्रथिने : तुमचे प्रश्न

पेशी स्वतःहून कशा मरतात, हे सांगणाऱ्या लेखानंतर आलेल्या पत्रांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. म्हणून ही उत्तरे.

पेशी मरताना तिच्यातली प्रथिने कापणारे कॅस्पेज वनस्पतींतही असतात का?
नाही. त्यांच्यात मेटाकॅस्पेज असतात आणि ते प्रथिने वेगळ्या जागी कापतात.

सूत्रकृमीत ही यंत्रणा मोजक्या प्रथिनांची, माणसात कितीतरी मोठी. म्हणजे ती पायरीपायरीने वाढत गेली, असे वर्गात सांगू ना?
कृपा करून सांगू नका. सी. एलेगन्स या कृमीचा अभ्यास आधी झाला, एवढेच. उभयलिंगी कृमीच्या वाढीत तयार होणाऱ्या 1090 कायिक पेशींपैकी नेमक्या 131 मरतात. त्यांचा माग काढता आला, मृत्यूची जनुके सापडली आणि 2002चे नोबेल मिळाले. पण आधी सापडले ते आधीचे, हे कुठून आले? हायड्रा आणि प्रवाळ यांची शाखा कृमी व माणूस वेगळे होण्यापूर्वीच फुटली. तरी हायड्रात बीसीएल-2 कुलातली पेशी वाचवणारी आणि मारणारी, दोन्ही प्रथिने आहेत. प्रवाळात बाहेरून मृत्यूचा निरोप आणणारे टीएनएफही आहे. 2014च्या एका प्रयोगात मानवी टीएनएफने प्रवाळाच्या पेशी मेल्या आणि प्रवाळाच्या टीएनएफने माणसाच्या. कृमीत टीएनएफ नाहीच. गुंतागुंत जुनी आहे. कृमीच्या वंशात तिचा मोठा भाग गळून गेला. आजचा कृमी आपला पूर्वज नाही, आपल्याइतकाच काळ उत्क्रांत होत आलेला जीव आहे. फळ्यावरची शिडी पुसा, तिथे झाड काढा. आणि पाठाची टिपणे उत्क्रांती शिकवणाऱ्या प्राध्यापकांना दाखवून घ्या.

प्रकल्पासाठी डेटाबेसमध्ये शोधले, बीसीएल-2शी जुळणारे काही मिळाले नाही. मग त्या प्राण्यात ते नाही असे लिहू?
लिहू नका. सेड-9 हे कृमीतले पेशी वाचवणारे प्रथिन आणि मानवी बीसीएल-2 यांचा अमिनो आम्लांचा क्रमसुद्धा जेमतेम 23 टक्के जुळतो. तरीही 1992 मध्ये मानवी बीसीएल-2 कृमीत घातले, तेव्हा मरणाऱ्या पेशी वाचल्या. प्रथिनाची घडण तपासा, मार्गदर्शकांना विचारा.

हत्तीला कर्करोग होत नाही म्हणे?
होतो, पण कमी. बिघडलेल्या पेशींना मरायला लावणाऱ्या पी53 जनुकाच्या त्याच्याकडे सुमारे 20 प्रती आहेत.

वडिलांना रक्ताचा कर्करोग आहे. 'कॅस्पेज जागे करणाऱ्या' हळदीच्या कॅप्सूल द्याव्यात का?
नाही. प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशी मारणे सोपे असते. जाहिरातदार तेवढेच दाखवतात. हीच प्रथिने निरोगी पेशींतही आहेत. बीसीएल-2 अडवणारे व्हेनेटोक्लॅक्स हे खरे औषधसुद्धा काही रक्तकर्करोगांत अगदी कमी मात्रेने सुरू करून आठवड्या-आठवड्याने वाढवतात, कारण पेशी एकदम मेल्या तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हळदीच्या कॅप्सूलने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. कॅप्सूलची बाटली घेऊन याच आठवड्यात त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना भेटा आणि चालू उपचार एक दिवसही थांबवू नका.