कॅम्पर व्हॅनच्या मोठ्या बॅटऱ्या पुण्यातल्या ईव्ही चार्जिंग स्टेशनवर चार्ज होतील का?

फास्ट चार्जरवर नाही. ती जाडजूड सीसीएस२ गन (फास्ट चार्जरचा प्लग) गाडीच्या कंप्युटरशी ‘बोलल्याशिवाय’, म्हणजे सिग्नलची देवाणघेवाण झाल्याशिवाय, करंट सोडतच नाही, आणि तुमच्या व्हॅनमधल्या १२ व्होल्टच्या बॅटरीला ती भाषा येत नाही. स्लो एसी पॉइंटवर (घरच्या विजेसारखा एसी करंट देणारा) टाइप-२ प्लगचा अडॅप्टर लावून २३० व्होल्ट मिळू शकतात, पण मग बॅटरी चार्जर तुमचाच लागतो.

हिशोब बघा. १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे जेमतेम अडीच युनिट. ४० अँपिअरचा चार्जर ती भरायला पाच तास घेतो आणि ओढतो फक्त सहा-सातशे वॅट, म्हणजे इस्त्रीपेक्षाही कमी! त्यासाठी डिझेलची व्हॅन ईव्हीच्या जागेत पाच तास उभी केलीत तर मागचा माणूस हॉर्न वाजवून जीव घेईल. घरचा किंवा लॉजवरचा १६ अँपिअरचा सॉकेट बास.

शिवाय अल्टरनेटरवर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा जनरेटर) ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवा, म्हणजे गाडी चालताना ही बॅटरी भरते. पुणे ते महाबळेश्वर तीन तासांत साधारण ९० अँपिअर-तास जमा होतात. छोटा फ्रिज, पंखा, दिवे दोन रात्री आरामात चालतात. एअर कंडिशनरचं मात्र विसरा, दोन-अडीच तासांत बॅटरी झोपते.

आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, जोडण्याही घट्ट हव्यात. माझ्या गाडीत एक लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) सैल राहिला होता, इन्शुलेशन वितळून तपकिरी झालं तेव्हा कळलं.