आतड्यातल्या जिवाणूंचा किडनीच्या आजाराशी खरंच संबंध असतो का?

हो, आणि तो दोन्ही बाजूंनी असतो. डाळी, अंडी, दूध यांच्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल असतं. त्यातलं जे मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं, त्याचं तिथले काही जिवाणू इंडोल बनवतात आणि यकृत त्यापासून इंडॉक्सिल सल्फेट तयार करतं. निरोगी किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी कमजोर झाली की ते रक्तात साचतं, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने किडनीलाच आणखी इजा झालेली दिसली आहे. डायलिसिसनेही ते नीट निघत नाही, कारण ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून असतं. २०११ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मोठं आतडं काढलेल्या डायलिसिस रुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा हा पदार्थ इतरांपेक्षा फारच कमी निघाला. मला हा पुरावा सगळ्यात बोलका वाटतो.

उलट बाजूने, रक्तात वाढलेला युरिया आतड्यात उतरतो, जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि आतड्याचं अस्तर कमकुवत होतं.

प्रोबायोटिकच्या गोळीने किडनी वाचते असा भक्कम पुरावा अजून नाही, त्यामुळे महागड्या डब्यांवर पैसे घालवू नका. बद्धकोष्ठता मात्र अंगावर काढू नका. आणि क्रिएटिनिन (किडनी कमजोर झाली की रक्तात साचणारा घटक) वाढलेलं असेल तर ‘फायबर चांगलं’ म्हणून फळं, पालेभाज्या मनाने वाढवू नका. नारळपाणी तर नाहीच. या सगळ्यांत पोटॅशियम असतं आणि कमजोर किडनीला ते नीट बाहेर टाकता येत नाही. आधी पोटॅशियमचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.