जिप्सीचे हब बदलण्यापूर्वी

तुमच्या जुन्या मारुती जिप्सीला नंतरच्या सालाचे हब (चाक ज्यावर बोल्टने बसते तो मधला भाग) बसवण्याचा बेत जमण्यासारखा आहे. मात्र चाकाचे पाच बोल्ट 139.7 मिमीच्या वर्तुळावर जुळले म्हणजे हब बसेलच, असे धरू नका, कारण त्यावरून फक्त रिमचे बोल्ट जुळतील एवढेच कळते. इंदूरच्या जुन्या बाजारात विक्रेता सांगेल ते साल ऐकून घ्यावे, पण व्हर्नियर (बारीक मापे घेण्याचे साधन) आपल्या खिशात असावा. पैसे देण्यापूर्वी एवढे पाहा:

- बेअरिंगचा आतला व बाहेरचा व्यास आणि ऑइल सीलची (तेल-ग्रीस बाहेर येऊ न देणाऱ्या कड्याची) जागा;
- स्प्लाइनच्या (ॲक्सल व हब एकमेकांत अडकवणाऱ्या खाचांच्या) दात्यांची संख्या;
- ब्रेक डिस्क कॅलिपरच्या (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या भागाच्या) मधोमध येते की नाही.

1993 मध्ये या गाडीच्या चाकांमधले अंतर वाढवले गेले, म्हणून त्याच्या आधीचे व नंतरचे भाग मिसळण्यापेक्षा स्पिंडल (हब ज्यावर फिरतो तो दांडा), हब आणि डिस्क एकाच गाडीतून, दोन्ही बाजूंसाठी घेणे मला शहाणपणाचे वाटते.

नवशिके बहुधा बेअरिंगचा नट ताकदीने आवळतात. हब फिरवत तो बसवावा, शेवटचा ताण मॅन्युअलप्रमाणे द्यावा. जुने सील पुन्हा वापरू नका, विशेषतः पावसाळ्यात इंदूरजवळच्या जानापाव डोंगराच्या चिखलात जाणार असाल तर. गाडी नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नका. पहिल्या छोट्या फेरीनंतर एक हब दुसऱ्यापेक्षा बराच गरम लागला, तर बेअरिंग आणि ब्रेक दोन्ही उघडून पाहा.